बंद ठेवलेले तीन महिने

बहात्तर साल संपता संपता मी ठरवलं, की जानेवारी ते मार्च ऑपरेशनं करायची नाहीत.

मी सर्जन होतो. नगरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं बारा खाटांचं हॉस्पिटल होतं. खाली थिएटर आणि वॉर्ड, वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो. जागा भाड्याची होती. त्या काळी जिल्ह्यात खाजगी सर्जन फार नव्हते, त्यामुळे कर्जत, पाथर्डी, जामखेडकडून माणसं एसटीनं पेशंट घेऊन यायची. काम भरपूर आणि कमाईही चांगली. ती मी आज लपवत नाही आणि तेव्हाही लपवली नाही. माझा सगळा त्रास या न लपवण्यातूनच सुरू झाला.

तेव्हाचा आयकर आजच्या मुलांना सांगितला तर खरा वाटत नाही. कर पायऱ्यापायऱ्यांनी चढायचा. खालच्या कमाईवर थोडा, मग वाढत वाढत असा वर जायचा, की माझ्यासारख्याच्या वरच्या रुपयातले दहा-अकरा आणे सरकारचे. वर्ष एप्रिलला सुरू व्हायचं. डिसेंबरपर्यंत मी खालच्या सगळ्या पायऱ्या ओलांडलेल्या असायच्या. म्हणजे जानेवारीपासून पुढं मी जे काम करायचो, त्याचा मोठा वाटा माझा नसायचाच. हात माझे, जबाबदारी माझी, पेशंट दगावला तर शिव्या मला, आणि रुपयातले पाच-सहा आणे घरी.

लोकांना वाटायचं, डॉक्टर म्हणजे पैशात लोळत असणार. घरात माझी बायको, विधवा बहीण, तिच्या तीन मुली आणि पुण्याला वसतिगृहात ठेवलेली माझी दोन मुलं. एकटा माणूस असो नाहीतर माझ्यासारखा आठ तोंडांचा धनी असो, कर जवळजवळ तेवढाच. वर दुष्काळ. बाजारात चांगली ज्वारी दिसेना. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापताना बहीण रोज कुरकुरायची. गोडेतेलाचा डबा दर महिन्याला नव्या भावानं यायचा. बायको डबा ठेवता ठेवता म्हणायची, "तुम्ही जास्त कमावता म्हणून आपल्याला काही दुकानदार तेल स्वस्त देत नाही."

ती चेष्टेनं म्हणायची. मला मात्र ते टोचायचं, कारण खरं होतं.

डिसेंबरात मी माझ्या कर सल्लागारांकडे गेलो. वयस्कर गृहस्थ, टोपी घालायचे, आवाज कधी चढायचा नाही. कागद बघून म्हणाले, "डॉक्टर, राहुरीला तुमची वडिलोपार्जित जमीन आहे ना? सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे?"

"आहे. भाऊ कसतो. मी काही घेत नाही."

"नका घेऊ. पण घेता असं दाखवायला काय हरकत आहे? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. तुमच्या फीमधला थोडा भाग ऊस म्हणून दाखवा."

"मी आयुष्यात उसाचं एक कांडं लावलेलं नाही."

"ते बघायला कोण येतंय?" ते म्हणाले. "सगळे करतात. मी नावं सांगत नाही."

त्यांनी सांगितली असती तर मी ओळखली असती. माझ्याबरोबर शिकलेले, माझ्याहून मोठं हॉस्पिटल चालवणारे, आणि करात माझ्या निम्म्यानं भरणारे. मी खुर्चीतून उठलो तो रागातच. चोरी करायची नाही हे पक्कं होतं. पण दहा-अकरा आणे देत राहायची इच्छाही उरली नव्हती. रस्त्यानं चालता चालता मला तिसरी वाट सुचली. कमवायचंच नाही. तीन महिने थिएटर बंद. बाहेरचे पेशंट तपासायचे, औषध द्यायचं, अगदी जिवावरचं असेल तेवढंच हातात घ्यायचं, बाकी सगळं एप्रिलनंतर. ना चोरी, ना भरणा.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही सरकारवर रुसलात. सरकारला कळणार तरी आहे का?"

"कळू दे नाहीतर न कळू दे. मला कळतंय ना."

"आणि सिस्टरचा पगार? वॉर्डबॉयचा?"

"तो मी देईन."

"मग आपलं नुकसानच की!"

"असू दे," मी म्हणालो. त्या वेळी मला ते फार स्वाभिमानाचं वाटलं होतं.

संक्रांतीच्या सुमारास दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, राहुरीजवळ नदीकाठचा मळा कसणारा. दोन पोती ज्वारी घेऊन आला होता, आमच्या बहिणीसाठी. त्या साली जिल्ह्यात पाण्यासाठी बायका मैलमैल चालत होत्या, पण दादाच्या विहिरीला पाणी टिकलं होतं आणि ऊस उभा होता. त्याचं त्या वर्षीचं उत्पन्न माझ्याहून कमी नव्हतं. हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. एरवी आम्ही त्यावर बोलायचो नाही. त्या दिवशी मी बोललो.

"दादा, तू किती आयकर भरलास यंदा?"

"मी? मला कशाला भरायचा?" तो हसला. "शेतकऱ्याला न्हाई त्यो."

"का नाही? तुझा रुपया आणि माझा रुपया वेगळा आहे का?"

तो हसायचा थांबला. "आरं, तुझा रुपया सावलीत बसून येतो. माझा उन्हात. उसाला भाव कोन ठरवतं? मी ठरवतो का? तू फी सोता ठरवतोस. माझ्या टनामागं कारखाना ह्ये कापतो, त्ये कापतो, त्येचा हिशेब मला कोन देतं? आन यंदा पाणी हाय म्हणून ऊस दिसतो. गेल्या साली कीड लागली हुती तवा तू इचारलं व्हतंस का, दादा किती गेलं म्हणून?"

मी विचारलं नव्हतं. ते मला आवडलं नाही. मी म्हणालो, "कोरडवाहूवाल्याचं मी समजू शकतो. तुझ्यासारख्याला कर का नको?"

"मंग लाव म्हण की त्यांना! मी न्हाई म्हणतोय का? लावला तर भरू." मग तो म्हणाला, "आन सल्ला ऐक. सातबाऱ्यावर नाव हाय तुझं. माझ्याकडनं चिठ्ठी घे, अमुक इतका वाटा दिला म्हणून. मी सही करतो. धंदा कशाला बंद ठिवतोस? डोकं फिरलंय का तुझं?"

म्हणजे माझ्या सख्ख्या भावालाही ती वाट साधी वाटत होती. चिठ्ठी त्यानं प्रेमानं देऊ केली होती, आणि मी ती तोंडावर फेकल्यासारखी नाकारली. तो जेवला, पण विडा न घेता गेला.

त्यानंतर आठवड्याभरात ते दोघं आले. कर्जत तालुक्यातलं एक जोडपं. नवरा चाळिशीचा, सडपातळ, उंच. बायको त्याच्याहून ठसठशीत, बोलणारी तीच. थोडी कोरडवाहू जमीन, त्यात त्या साली काही उगवलं नव्हतं. दोघंही दुष्काळी कामावर जात होते, रस्त्याच्या कामावर. ती खडी फोडायची, तो घमेली वाहायचा. वर्षभरापूर्वी मी तिच्या भावाचं ऑपरेशन केलं होतं, म्हणून ती थेट माझ्याकडेच आली होती.

नवऱ्याला हर्निया होता. जांघेत चांगली लिंबाएवढी गाठ. झोपवल्यावर हातानं आत जात होती, उभं राहिलं की पुन्हा बाहेर.

"ऑपरेशन लागेल," मी म्हणालो. "पण घाई नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात या."

"आत्ता न्हाई का करता येत?" तिनं विचारलं. "दोन शेळ्या इकून आलोय. पैसं हायत हातात. एप्रिलपातूर ते दाण्यात जात्याल."

"सध्या थिएटर बंद आहे."

"दुरुस्ती चाललीय व्हय?"

मी काय सांगणार? मी म्हणालो, "तसंच समजा." सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी देऊ केली. तिनं घडी घालून ती पदराच्या टोकाला बांधली, पण तिचा चेहरा सांगत होता की ती तिकडं जाणार नाही. अनोळखी ठिकाणी नवऱ्याला चिरू द्यायचं तिच्या मनात नव्हतं. मी कमरेला बांधायचा पट्टा दिला, वजन उचलायचं नाही असं बजावून सांगितलं. नवरा पहिल्यांदाच बोलला.

"वजन न्हाई उचललं तर हजेरी कोन लावंल?"

मी म्हणालो, "मुकादमाला सांगा, हलकं काम द्या म्हणून." असं सांगणं सोपं असतं. दुष्काळी कामावर हलकं काम नसतं हे मला ठाऊक होतं. त्या तीन महिन्यांत चिरडलेली बोटं आणि खडीचा कण गेलेले डोळे घेऊन रोज कुणीतरी माझ्या दारात येत होतं.

मार्चच्या मध्यावर, दुपारी तीनच्या सुमारास, एक ट्रक दवाखान्यासमोर येऊन थांबला. रस्त्याच्या कामावरचा, खडी वाहणारा. मागच्या बाजूला गोणपाटावर तो आडवा होता आणि त्याचं डोकं बायकोच्या मांडीवर. आदल्या संध्याकाळपासून गाठ आत जाईना, पोट फुगलेलं, ओकाऱ्या. मी हात लावला आणि समजलो. आतडं अडकलं होतं आणि रक्त न मिळाल्यानं मरत होतं.

थिएटर अडीच महिने बंद होतं. सिस्टर धावत आल्या, वाफेवर हत्यारं लावली, भूल देणाऱ्या डॉक्टरांना निरोप गेला, पण ते दुसरीकडं अडकले होते. ते येईपर्यंत पाऊण तास गेला. एरवी चालू थिएटरमध्ये जे डोळे मिटून हाताला लागायचं, ते त्या दिवशी शोधावं लागत होतं. रक्त हवं होतं. ट्रकचा ड्रायव्हर बाही वर करून म्हणाला, "माझं घ्या, बघा जुळतंय का." जुळलं.

एक वीतभर आतडं काळं पडलं होतं. ते कापून टाकलं, दोन टोकं जोडली. जानेवारीत हे ऑपरेशन तासाभराचं झालं असतं आणि आठव्या दिवशी माणूस चालत घरी गेला असता. आता अडीच तास लागले आणि तो जगेल की नाही हे मी त्याच्या बायकोला सांगू शकलो नाही.

तो जगला. पण जखम चिघळली. ताप आला, पू झाला, पुन्हा टाके उघडावे लागले. बावीस दिवस तो माझ्याकडे होता. बायको वॉर्डच्या बाहेर पायऱ्यांवर राहायची. माझी बहीण तिला वरून भाकरी पाठवायची. मी त्यांच्याकडून एक पैसा घेतला नाही. ती शेळ्यांचे उरलेले पैसे घेऊन आली, तेव्हा मी म्हणालो, "ठेवा तुमच्याकडं."

"का?" तिनं विचारलं.

"राहू दे."

ती गेली नाही. माझ्या टेबलासमोर उभी राहिली. "डाक्टर, एक इचारू? जानेवारीत केलं असतं तर असं झालं असतं का?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी म्हणालो, "नसतं झालं."

"मंग का न्हाई केलं? दुरुस्ती तर काय दिसंना झाली. सिस्टरबाई म्हनल्या, तुमीच बंद ठिवलं हुतं."

आणि मग मी तिला आयकर समजावून सांगायला लागलो. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. रोज खडी फोडून जेमतेम पोटापुरते रुपये मिळवणाऱ्या बाईला मी पायऱ्या समजावत होतो. अमुक इतकी कमाई झाली की सरकार इतकं घेतं, त्याच्या वर गेली की इतकं. तिनं नीट ऐकून घेतलं. मध्ये एकदा मान हलवली. मग म्हणाली, "मंजी तुमचं पैसं लई झालं हुतं, म्हणून बंद ठिवलं?"

"लई नाही!" मी जवळजवळ ओरडलो. "घरात आठ माणसं आहेत. मुलांची वसतिगृहं आहेत, जागेचं भाडं आहे, यंत्रं आहेत. म्हातारपणी मला पेन्शन नाही. तेल-साखरेचा भाव मलाही तोच लागतो ना?"

"व्हय," ती म्हणाली. "तोच लागतो." आणि विचारलं, "ह्ये वजन कधी उचलतील?"

"कधीच नाही उचलायचं. निदान वर्षभर तरी नाहीच."

ती वॉर्डाकडं निघून गेली. खरं सांगायचं तर मला तेव्हा पश्चात्तापापेक्षा संतापच जास्त वाटत होता. सरकारवर, दादावर, त्या सल्लागारावर, स्वतःवर. तिच्यावरसुद्धा. तिनं माझी बाजू ऐकून घेतली आणि तरी ती तिला पटली नाही, याचा राग.

एप्रिलपासून मी पुन्हा काम सुरू केलं. पावसाळा बरा झाला. त्या तीन महिन्यांचं मी कुणाजवळ बोललो नाही. मग चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत आयकर कचेरीचं पत्र आलं. तुमचं उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा कमी दिसतं, खुलासा करा, वह्या आणि थिएटरचं रजिस्टर घेऊन या.

अधिकारी तिशीतला होता, स्वेटर घातलेला, बोलायला नम्र. त्याच्या टेबलावर फाइलींचा ढीग होता.

"डॉक्टरसाहेब, दुष्काळात पेशंट कमी झाले का?"

"नाही. मी तीन महिने ऑपरेशनं बंद ठेवली होती."

"का?"

"तुमच्यामुळं," मी म्हणालो. "कर परवडेना म्हणून."

तो हसला नाही. रजिस्टरची पानं उलटत गेला आणि मार्चपाशी थांबला. "बंद होती म्हणता. पण इथं मोठं ऑपरेशन दिसतंय. बावीस दिवस पेशंट दाखल. आणि पावती कुठंच नाही."

"फी घेतली नाही."

"एवढ्या मोठ्या ऑपरेशनची?"

"हो."

"अशी आणखी किती ऑपरेशनं बिनपावतीची झाली?"

माझं डोकं तडकलं. वर्षानुवर्षं मी एकेक रुपया दाखवत आलो होतो, आणि ज्या एका माणसाकडून काही घेतलं नव्हतं, त्याच्यावरून मला चोर ठरवत होते. मी म्हणालो, "तुम्हाला ज्यांनी ऊस दाखवलाय त्यांची रजिस्टरं मागवली का कधी?"

त्यानं पेन खाली ठेवलं. "साहेब, ज्यांच्याकडं रजिस्टर असतं त्यांचंच आम्ही बघू शकतो. तुमच्या वह्या नीट आहेत म्हणून ही ओळ मला दिसली." मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "माझाही पगारातून कापला जातो. मला तर तीन महिने बंद ठेवायची सोयही नाही. घरी तीन बहिणी आहेत लग्नाच्या. तुमच्या वरच्या पायरीवर जेवढी कमाई आहे, तेवढा माझा सगळा पगार नाही. तुमच्यावर जास्त कर लावणं चूक आहे असं मला वाटत नाही. पण जे अजिबात भरत नाहीत त्यांचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं, हे मला दिसतं. मी काय करू? त्या पेशंटचा जबाब आणा. पैसे दिले नाहीत एवढं लिहून आणा, मी हा मुद्दा सोडतो."

रविवारी मी कर्जतकडे गेलो. गावाबाहेर त्यांची ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. नवरा बांधावर घोंगडी टाकून बसला होता आणि पाखरं हाकलत होता. मला बघून उठायला लागला, मी बसवलं. अजून वाकताना ओढ लागते म्हणाला. घमेलं उचलायचं काम गेलं होतं ते गेलंच. आता बायको आणि तिचा भाऊ मिळून शेतातलं बघत होते. ती विळा हातात घेऊनच आली.

मी कशासाठी आलो ते सांगितलं. ती चकित झाली. "पैसं घेतलं न्हाईत म्हणून तुमालाच पकडलं?"

"पकडलं नाही. विचारलंय."

"मंग ल्ह्या की. खरंच हाय त्ये. ह्यांचा अंगठा घ्या, माझाबी घ्या."

मी कागद मांडीवर घेऊन लिहिलं, की अमुक महिन्यात शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी कोणतीही फी घेतली नाही. वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच हवंय त्यांना."

"का न्हाई घेतली, त्येबी ल्ह्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. कागद पुरा असावा, एवढंच तिला म्हणायचं होतं. नवरा म्हणाला, "जाऊ दे की गं." ती म्हणाली, "जाऊ दे कशाला? अर्धं खरं लिवल्यावर सायबाला कसं पटंल?"

मी लिहिलं. जानेवारीत पेशंट आला तेव्हा कर वाचवण्यासाठी थिएटर बंद असल्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलली, त्यामुळे मार्चमध्ये प्रकृती गंभीर झाली, म्हणून डॉक्टरांनी फी घेतली नाही. माझ्याच अक्षरात. दोघांनी खाली अंगठे उठवले. मी निघताना तिनं ओटीभर कणसं दिली, मी नको म्हणालो, तिनं गाडीच्या मागच्या सीटवर टाकली.

अधिकाऱ्यानं तो कागद दोनदा वाचला. फाइलीत लावला, शेरा मारला आणि रजिस्टर परत दिलं. मला वाटलं होतं, निदान एखादं वाक्य म्हणेल. बरं किंवा वाईट. तो पुढची फाइल उघडत होता.

त्या वर्षी मी मार्च संपेपर्यंत काम केलं. रागानं केलं. प्रत्येक ऑपरेशननंतर हात धुताना मनात आणे मोजत होतो, आणि त्याची लाजही वाटत होती आणि राग काही कमी होत नव्हता. दादाला त्या कागदाबद्दल मी कधी सांगितलं नाही. पुढच्या संक्रांतीला तो आला तेव्हा विडा त्यानं घेतला, पण कराचा विषय निघाला तसा बोलणं मळ्यातल्या विहिरीवर नेलं. आमच्यात त्या एका गोष्टीवर शेवटपर्यंत मिटलं नाही.

पुढं दोन-तीन वर्षांत वरचे दर बरेच खाली आले. सल्लागारांनी मला पेढा दिला. मी तो खाल्ला नाही, खिशात टाकला. एवढे दर असणं चूक होतं असं मला अजूनही वाटतं. माणूस काम टाकून बसेल इतका कर घेऊ नये, आणि घ्यायचाच तर ऊस, दुकान, दवाखाना सगळ्यांकडून घ्यावा. हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. पण तो वाद घालायला मी एका माणसाचं वीतभर आतडं खर्ची घातलं. ते मी कुणाच्या डोक्यावर घालू? बायकोला एकदा हे बोललो. ती म्हणाली, "कुणाच्याच नका घालू. खाली पेशंट बसलेत, उठा." आणि मी चिडत चिडत जिना उतरलो.